रिकाम्या पोटी, चहाच्या आधी

माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सिल्वासाजवळ, किलवणी गावाच्या बाजूला शाळा, मराठी माध्यम, सकाळी प्रार्थनेपासून ओरडायला सुरुवात ती शाळा सुटेपर्यंत. घरी आले तरी आवाज खाली यायला अर्धा तास लागतो. आणि आमचे हे असे, की मी ओरडायला लागले की ह्यांना हसू येतं. मी रागाने लाल, आणि हे समोर उभे राहून तळहात तोंडावर धरून नुसते डोळ्यांनी हसणार. वर म्हणणार, "चुकलं, बाई." बाई म्हणजे शाळेतली बाई. लग्न झालं तेव्हापासून हीच हाक. त्या हसण्यावर माझा अर्धा राग तिथेच मोडायचा, उरलेला चहाबरोबर जायचा.

आम्ही दोघं धुळ्याकडचे. सिल्वासाला ह्यांना सुताच्या कारखान्यात काम लागलं, मग मला इथे शाळा मिळाली, आणि दोन वर्षांसाठी म्हणून आलो ते डोकमर्डीत घर घेऊन बसलो. ह्यांचं काम मशीनवर. मोठ्या स्टँडला खुंट्या असतात, खुंटीवर सुताचं बॉबिन. एक बॉबिन संपत आलं की त्याचं शेपूट पुढच्या बॉबिनच्या टोकाला गाठायचं, म्हणजे मशीन थांबत नाही. ही गाठ एवढीशी असते, डोळ्यांना दिसत नाही. ह्यांची बोटं ती गप्पा मारता मारता मारायची. नवीन लोकांना सुपरवायझर सांगायचा, "भाऊकडून शिकून घ्या."

आता त्या कॅप्सूलचं सांगते.

पाळी बदलत राहायची. एका आठवड्यात सकाळ, एका आठवड्यात रात्र. जेवणाची वेळ अशी नाहीच. त्यामुळे तिथल्या प्रत्येकाला पित्त, प्रत्येकाला गॅस. रात्रपाळी सुटली की गेटसमोरच्या टपरीवर आधी कॅप्सूल, मग चहा. सुपारी पुढे करावी तशी पाकिटं एकमेकांपुढे करतात. ह्यांना कधीतरी एका डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी ती लिहून दिली होती. चिठ्ठी हरवली, डॉक्टरही गाव सोडून गेला, कॅप्सूल राहिली. मेडिकलवाल्याला नाव सांगायचीही गरज नव्हती, मला बघितलं की तो पाकीट काढून ठेवायचा. रोज उठल्यावर, ब्रश झाला की, मी ह्यांच्या तळहातावर एक ठेवायची. रिकाम्या पोटी, चहाच्या आधी. सकाळपाळी असो, रात्रपाळी असो, चार वर्षांत मी एक दिवस चुकवला नाही. मला त्याचा अभिमान होता हो. बाकी बायका नवऱ्याला विचारतसुद्धा नाहीत, आणि मी बघा, असं वाटायचं.

मग आमच्या घरात एक विचित्र वर्ष आलं.

सुरुवात भाजीच्या यादीपासून झाली. यादी लिहायचं काम ह्यांचं, कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे. एके दिवशी बाजारात यादी काढली तर मला ती वाचताच येईना. 'मेथी'चा म नीट होता, पुढे अक्षर बारीक होत होत 'कोथिंबीर' मुंगीएवढी झाली होती. मला वाटलं चेष्टा चाललीय. घरी येऊन म्हटलं, "कागद काय सोन्याचा आहे का? मोठं लिहायला काय होतं?" ह्यांनी यादीची घडी करून खिशात घातली. मीही हट्टी. दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या दुकानातून दुरेघी वही आणली आणि ह्यांच्यापुढे आपटली. "रोज एक ओळ. दुसरीतल्या पोरांचं अक्षर तुमच्यापेक्षा बरं आहे." आता आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मग चेहरा. काय सांगू, त्या चेहऱ्याने मला छळलं. मी बोलतेय, भांडतेय, टोमणे मारतेय, आणि समोर भिंत. तळहात तोंडाकडे जात नाही, डोळे हसत नाहीत. पापणीसुद्धा उगाच कधीतरी लवायची. आवाज खोल गेला, "चुकलं, बाई" असं पुटपुटले तरी ते मला उलट उत्तर वाटायचं. मी विचारायची, "माझं काही चुकलं का? कुणी काही सांगितलं का माझ्याबद्दल?" तर म्हणणार, "नाही." एवढंच. पंचविशी उलटलेला संसार, या वयात माणूस मनातून उतरतो असं ऐकलं होतं. मला वाटलं, आपली पाळी आली.

त्यातच तो बुधवार. डोकमर्डीच्या बाजारात, डेअरीसमोर, कोबीच्या पानावरून माझा पाय सरकला आणि मी टोमॅटोच्या पिशवीसकट बदकन खाली बसले. साधी नाही, चांगली मांडी घालून. मांडीत टोमॅटोची चटणी. पहिले टोमॅटोवाली हसली, मग डेअरीवाला, मग मला स्वतःलाच हसू आलं. वर बघितलं तर हे उभे. चेहरा असा, की परकी बाई पडलीय आणि आपल्याला उशीर होतोय. हातही लवकर पुढे आला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. उठले, घरी आले, आणि आठ दिवस ह्यांच्याशी अवाक्षर बोलले नाही. कॅप्सूल मात्र न बोलता देत होते. पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवायची नि निघून जायची.

नवव्या दिवशी ह्यांच्याबरोबर काम करणारा एक जळगावकडचा गडी ह्यांना मोटारसायकलवरून घरी सोडायला आला. दारातच म्हणाला, "भाभी, भाऊची गाठ बसत नाही दोन महिन्यांपासून. आम्ही आळीपाळीने मारून देत होतो. आज साहेबाच्या लक्षात आलं, पॅकिंगमध्ये टाकलं. तुम्ही दाखवा भो कुणाला तरी." हे माझ्याकडे न बघता चप्पल काढत होते. एक चप्पल काढायला केवढा वेळ लागत होता! रोज समोर होतं, आणि मी त्याला नखरे म्हणत होते.

वापीला मेंदूच्या डॉक्टर आहेत म्हणून कळलं, तिकडे गेलो. डॉक्टर तरुण, गुजराती, पण मराठी छान बोलायच्या. बाहेर भरायला फॉर्म दिला. मी शिक्षिका, फॉर्म मीच भरणार. नाव, वय, काम. 'सध्या चालू असलेली इतर औषधे' या रकान्यात मी सुंदर अक्षरात लिहिलं: काही नाही. आत डॉक्टरांनी पुन्हा तोंडी विचारलं, "बीपी, शुगर, दुसरी कुठली गोळी?" आम्ही दोघांनी एकदम मान हलवली. आपल्या घरात औषध नाही याचंही मला कौतुकच वाटत होतं.

त्यांनी ह्यांना चालायला लावलं, बोटं जुळवायला-सोडायला लावली, मनगट वाकवून बघितलं आणि सांगितलं, पार्किन्सन्ससारखं दिसतंय. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, हालचालीला तेच लागतं, ते कमी पडतंय. त्याच्या गोळ्या देते, बघू किती फरक पडतो. पायऱ्या उतरताना ह्यांनी कठडा धरला होता. खाली आल्यावर एकच विचारलं, "गाठ मारता येईल का परत?" मी म्हटलं, "येईल की, न यायला काय झालं." खरं तर मला गाठीचं काही पडलं नव्हतं. माझा माणूस आजारी होता, रुसलेला नव्हता, याचा मला आधी आनंद झाला आणि मागोमाग त्या आनंदाची भीती वाटली.

नव्या गोळ्यांनी ह्यांना मळमळायला लागलं. आता मळमळीवर काय द्यायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं. सकाळची एक होतीच, संध्याकाळची एक वाढवली. पुढच्या भेटीला फरक शून्य, डॉक्टरांनी गोळी वाढवली. मळमळ वाढली. मी संध्याकाळची कॅप्सूल आणखी काटेकोरपणे द्यायला लागले. महिन्याभरात ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावायला लागले. खुर्चीतून उठताना "एक, दोन, तीन" म्हणून ओढायची. बटणं लावताना चेहरा इतका जवळ असायचा, आणि त्यात मला ओळखीचं काही सापडायचं नाही. बटण लागलं की मी मोरीत जाऊन नळ सोडायची आणि रडून घ्यायची.

तिसऱ्या भेटीच्या दिवशी पहिला नंबर लागावा म्हणून मी ह्यांना चहा न देताच घरातून काढलं. तपासणी चालू होती, डॉक्टर म्हणत होत्या, "अंगठा आणि बोट, जोरात, जोरात." आणि मला आठवलं. पर्स उघडली, पाकीट काढलं, पाण्याची बाटली काढली, आणि मध्येच म्हटलं, "एक मिनिट हं मॅडम, ह्यांची गॅसची राहिलीय. रिकाम्या पोटीच घ्यावी लागते."

डॉक्टरांनी हात पुढे केला. पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली.

"ही किती दिवस चालू आहे?"

"दिवस कसले, चार वर्षं तरी झाली असतील."

"फॉर्मवर का नाही लिहिलं?"

"ती काय औषध आहे का?" मी म्हटलं. अगदी ठसक्यात म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या सांगत गेल्या. या कॅप्सूलमध्ये दोन औषधं आहेत. एक आम्लपित्ताचं, त्याचं काही नाही. दुसरं मळमळ थांबवणारं. डोपामिन नुसतं असून भागत नाही, मेंदूतल्या पेशींवर त्याच्या बसायच्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. डोपामिन तिथे जाऊन बसलं की पुढे निरोप जातो: हात उचल, पाऊल टाक, हस. उलटीचा निरोपही तशाच जागेवरून जातो. हे औषध त्या जागा अडवतं, म्हणून मळमळ थांबते. पण ते फक्त उलटीच्याच जागा अडवेल असं नाही. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेलं दिसतं, अशांना याच जातीची औषधं मुद्दाम देतात, तिथे ती माणसाला सावरतात. पंधरा दिवस घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. पण चार वर्षं, रोज!

"म्हणजे ह्यांच्याकडे डोपामिन आहे?" मी विचारलं.

विचारलं डॉक्टरांना, पण उत्तर ह्यांनी दिलं. त्या खोल गेलेल्या आवाजात, एकेक शब्द ओढत. "मॅडम, म्हणजे बॉबिन भरलेलं आहे. पण खुंटीवर कुणीतरी रिकामी नळी घालून ठेवलीय. मग बॉबिन बसणार कुठे?"

डॉक्टर बघतच राहिल्या. म्हणाल्या, "काका, मी आता सगळ्यांना असंच सांगणार." त्या हसल्या, मी हसले. ह्यांचा चेहरा तसाच कोरा.

"आणि मी वरून नवीन बॉबिनं आणून देत होते," डॉक्टर म्हणाल्या, "त्याने मळमळलं की तुम्ही आणखी नळ्या घालत होतात."

कॅप्सूल त्या क्षणापासून बंद. बाकीच्या गोळ्या त्या सांगतील तशा, मनाने काही बदलायचं नाही. मग त्यांनी खरं तेही सांगितलं. जागा मोकळ्या व्हायला वेळ लागतो, कुणाला काही आठवडे, कुणाला काही महिने. सहा महिने वाट बघू. बऱ्याच जणांचं सुधारतं. पण काहींच्यात खरा पार्किन्सन्स आधीच दबा धरून असतो, औषधाने तो नुसता लवकर उघडा पडतो. तुमचं कुठलं ते आज कुणीच सांगू शकत नाही.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा पर्समध्येच होता. सिल्वासाच्या बसमध्ये खिडकीशी ह्यांना बसवलं आणि मी शेजारी बसून रडायला लागले. लोक बघत होते, बघू देत. कुणावर चिडू? डॉक्टर नाही, मेडिकलवाला नाही, माझेच हात. ह्यांनी बराच वेळ घेऊन आपला हात उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, प्रश्न नीट वाचला नाहीत."

हे वाक्य माझं आहे. वर्गात दिवसातून दहा वेळा मी ते मुलांना ऐकवते. कोऱ्या चेहऱ्याने, सपाट आवाजात ते माझ्याच पदरात पडलं, आणि मला वाटलं, संपलं. हा माणूस मला माफ करणार नाही. करू नयेच.

ती वही मग कामाला आली. मीच म्हटलं, आता खरंच रोज एक ओळ लिहा, मला बघायचंय. पहिल्या दिवशी ह्यांनी लिहिलं, "आज गोळी घेतली नाही." दुरेघीच्या खालच्या रेघेवर मुंग्यांची रांग. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी शाळेतून आले की आधी वही उघडायची. पहिला महिना मुंग्या. दुसरा महिना मुंग्याच. मेडिकलवाल्याकडे जाऊन मी भांडून आले. तो बिचारा म्हणाला, "बेन, गॅसनी गोळी तो बधा ले छे." सगळेच घेतात. तेच तर ना! मग पालकसभेत मुलांचा अभ्यास राहिला बाजूला, मी कारखान्यातल्या बापांना उभं करून विचारलं, कोण कोण कॅप्सूल घेतं? निम्म्याहून जास्त हात वर. म्हटलं, घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण डॉक्टरने विचारलं की सांगायची. हसले सगळे. हसा, म्हटलं, हसता येतंय तोवर.

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी 'आज'मधला आ वरच्या रेघेला टेकला. एकटा आ. बाकी ओळ तशीच. मी वही घेऊन शेजारणीकडे पळाले. तिला काय कळणार त्यात? मंगळवारी आ पुन्हा खाली आला, आणि मी रात्री जेवले नाही. असं वरखाली चाललं. संध्याकाळी दमणगंगेच्या पुलापर्यंत चालायला जायचो, मी मुद्दाम दोन पावलं मागे राहून ह्यांचे हात बघायची. डावा हात अंगाला चिकटलेला. कधीतरी थोडा हलायचा, की मलाच तसं वाटायचं, कोण जाणे. घरी हे खिडकीत बसून शिवणाच्या दोऱ्याच्या गाठी मारत बसायचे. सुटलेल्या गाठींचा दोरा मी गुपचूप केरात टाकायची.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मी बटण लावायला गेले तर वरची दोन लागलेली होती. मी काही बोलले नाही, नजर लागेल म्हणून. तिसरं लावलं आणि वळले. पण चेहरा अजून तसाच होता. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, हात सुधारतोय ही चांगली खूण आहे, थांबा. मी आयुष्यात कशासाठी थांबलेली बाई नाही. सहावा महिना लागला तेव्हा मी देवाला म्हटलं, हात नाही दिलास तरी चालेल, बटणं मी मरेपर्यंत लावीन. पण तो माझ्यावर हसणारा माणूस दे.

रविवार होता. मी ओट्यापाशी वांगी भाजत होते आणि नेहमीप्रमाणे बोलत होते. कुणावर ते आठवत नाही, बहुतेक पाण्याच्या टाकीवर. मागे काहीतरी आवाज आला. खोकल्यासारखा. वळून बघते तर हे खुर्चीत बसलेत, तळहात तोंडावर, आणि डोळे! डोळ्यांच्या कडांना त्या सगळ्या सुरकुत्या, एकूण एक. खांदे हलताहेत.

हातातला चिमटा तसाच. "काय झालं?" म्हटलं. "काय झालं हसायला?"

"कोबीचं पान," हे म्हणाले.

"काय?"

"डेअरीसमोर. मांडी घालून बसलीस ना. टोमॅटो."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी आपली चिडले. "त्याला वर्ष होत आलं! तेव्हा का नाही हसलात? आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, माहितीय?"

"तेव्हाच हसलो होतो," हे म्हणाले. "आतून एवढं हसलो की उभं राहवत नव्हतं. मला वाटलं तुला दिसतंय."

वांग्याचा जळका वास यायला लागला होता. मी गॅस बंद केला. वर्षभराची सगळी भांडणं माझ्या डोक्यातून एकेक करून गेली, आणि प्रत्येक भांडणात समोर हा आतून हसणारा माणूस होता.

"आणि बसमध्ये?" मी विचारलं. "ते प्रश्न नीट वाचला नाहीत म्हणालात, ते?"

"बसमध्ये?" हे पुन्हा तळहात तोंडावर नेत म्हणाले. "बसमध्ये तर सगळ्यात जास्त हसत होतो, बाई. तुला हसवायलाच म्हटलं होतं ते."